घरातून कॉलेजात जाणारे तुम्हीच पहिले असाल तर: विचारायचं कुणाला, कधी आणि कसं

पहिल्याच आठवड्यात मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात आपले ‘ऑफिस अवर्स’ लिहिले आणि शिकवायला सुरुवात केली. त्या वेळेत मॅडम ऑफिसात कामात असणार, तेव्हा तिकडे फिरकायचं नाही, असा मी अर्थ लावला आणि सहा महिने तो इमानेइतबारे पाळला. अर्थ नेमका उलटा होता. ती वेळ विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेली असते. कुणीही जावं, दार वाजवावं, अडलेलं विचारावं. शेजारी बसणाऱ्या मुलीला हे ठाऊक होतं, कारण तिच्या आईने ते तिला घरीच सांगितलं होतं. माझ्या आईनेही निघताना पुष्कळ सांगितलं होतं आणि ते सगळं पुढे उपयोगी पडलं. फक्त त्यात ऑफिस अवर्स नव्हते.

आपली अडचण बहुतेक वेळा याच जातीची असते. बुद्धी कमी नसते, मेहनतीलाही आपण मागे हटत नाही. कुणीच न सांगितलेले नियम मात्र माहीत नसतात, आणि ते विचारायचे असतात हेही माहीत नसतं. शिक्षणाचे अभ्यासक फिलिप जॅक्सन यांनी १९६८ साली याला ‘छुपा अभ्यासक्रम’ असं नाव दिलं. त्यांचा विषय शाळेचा वर्ग होता, पण कॉलेजात हा अभ्यासक्रम कितीतरी मोठा होतो आणि त्याची परीक्षा रोज होते. म्हणून या लेखात अभ्यास कसा करावा यापेक्षा कुणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत विचारावं यावर जास्त भर आहे.

पायरी पहिली: आपण या गटात बसतो का, ते पाहा

‘पहिल्या पिढीचे विद्यार्थी’ या शब्दाची एकच व्याख्या नाही. अमेरिकेच्या उच्च शिक्षण कायद्यात १९८० पासून जी व्याख्या आहे, तिच्यानुसार आई आणि वडील दोघांनीही पदवी पूर्ण केलेली नसेल, तर तो विद्यार्थी पहिल्या पिढीचा. एकाच पालकाने वाढवलं असेल तर त्या पालकाचं शिक्षण पाहतात. म्हणजे वडील दोन वर्षं कॉलेजात जाऊन शिक्षण सोडून आलेले असले तरी तुम्ही बसता, आणि मोठ्या बहिणीने पदवी घेतलेली असली तरीही बसता. काही संस्था याहून कडक निकष लावतात: पालकांनी कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नसावं. काही ठिकाणी आजी-आजोबांचाही विचार होतो.

हा शब्दांचा कीस कशाला? कारण मदतीच्या योजना व्याख्येवर चालतात. “ताई शिकली आहे, म्हणजे मी काही पहिली नाही” असं स्वतःच ठरवून कित्येक जण अर्जच करत नाहीत. प्रवेश अर्जात पालकांच्या शिक्षणाचा रकाना असेल तर तो खरा आणि पूर्ण भरा. लाजेपोटी रिकामा सोडू नका. मग विद्यार्थी विभागात जाऊन सरळ विचारा: “घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांसाठी इथे काय आहे, आणि तुमची व्याख्या काय?” अशी मदत ही कुणाची मेहरबानी नसते. अमेरिकेत १९६४ सालच्या एका कायद्यातून ‘अपवर्ड बाउंड’ ही सरकारी योजना उभी राहिली, १९६८ मध्ये कॉलेजातल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आली, आणि ‘ट्रायो’ या नावाने त्या योजना आजही ओळखल्या जातात. तुमच्या संस्थेत दारावर निराळी पाटी असेल: विद्यार्थी साहाय्य, मार्गदर्शन कक्ष, समान संधी केंद्र. पाटीवर ‘पहिली पिढी’ असं लिहिलेलं नसलं तरी आत जाऊन विचारा.

पायरी दुसरी: शब्दांची वही

एक छोटी वही घ्या, किंवा फोनमध्ये एक पान उघडा. जो शब्द सगळ्यांना कळलेला दिसतो आणि आपल्याला कळलेला नाही, तो त्यात टिपायचा. संध्याकाळपर्यंत त्याचा अर्थ शोधायचा, नाही सापडला तर दुसऱ्या दिवशी विचारायचा. मान डोलावून वेळ मारून न्यायची नाही. मी पहिलं सत्र जवळजवळ मान डोलावण्यातच घालवलं, त्यामुळे हा नियम मोठ्या अनुभवातून आला आहे.

सुरुवातीला हे शब्द हमखास आडवे येतात. ‘क्रेडिट’ हे विषयाचं वजन असतं. पदवीसाठी ठरावीक क्रेडिट लागतात आणि दर सत्राला किती घेतले यावर पुष्कळदा शिष्यवृत्तीही अवलंबून असते. ‘पूर्वअट’ म्हणजे हा विषय घेण्याआधी तो दुसरा पास झालेला हवा. ही गोष्ट पहिल्या वर्षी पाहिली नाही तर तिसऱ्या वर्षी पदवी अडते. ‘रजिस्ट्रार’ म्हणजे नोंदणी, गुणपत्रक, नाव, दाखले यांचं दफ्तर सांभाळणारं कार्यालय. ‘सल्लागार’ म्हणजे कोणते विषय कधी घ्यायचे हे तुमच्यासोबत बसून ठरवणारी व्यक्ती. ‘वाङ्‌मयचौर्य’ म्हणजे दुसऱ्याचं लिखाण किंवा विचार त्याचं नाव न देता वापरणं. शाळेत पुस्तकातला उतारा जसाच्या तसा लिहिला की शाबासकी मिळायची, इथे त्याच गोष्टीवर चौकशी होऊ शकते. संदर्भ कसा द्यायचा हे पहिल्या निबंधाच्या आधी विचारा, नंतर नव्हे.

पायरी तिसरी: पैशांचं पत्र पेन्सिल घेऊन वाचा

संस्थेकडून आर्थिक मदतीचं पत्र आलं की घरात आनंद होतो आणि एकूण रकमेचा आकडा सगळ्यांना सांगितला जातो. तो आकडा जरा बाजूला ठेवा. पत्रातल्या प्रत्येक रकमेपुढे तीनपैकी एक खूण करा: परत द्यायची नाही, परत द्यायची आहे, काम करून मिळवायची आहे. शिष्यवृत्ती आणि अनुदान पहिल्या प्रकारात, कर्ज दुसऱ्या, आवारातली अर्धवेळ नोकरी तिसऱ्या. पुष्कळ पत्रांत हे तिन्ही एकाच यादीत, एकाच अक्षरात छापलेलं असतं, आणि कर्जालाही ‘मदत’च म्हटलेलं असतं.

मग वर्षाचा सगळा खर्च मांडा. फक्त फी नव्हे: राहणं, जेवण, प्रवास, पुस्तकं, प्रयोगशाळेचं साहित्य, परीक्षा शुल्क, सुट्टीत घरी जाण्याचं भाडं. त्यातून फक्त पहिल्या प्रकारची रक्कम वजा करा. उरेल तो खरा खर्च. दोन संस्थांची तुलना याच आकड्यावर करायची.

त्यानंतर मदत कार्यालयाला चार प्रश्न विचारा. ही रक्कम दर वर्षी मिळते की एकदाच? ती चालू राहायला किती गुण आणि किती क्रेडिट लागतात? एखादा विषय सोडला तर तिच्यावर काय परिणाम होतो? आणि घरची परिस्थिती वर्षाच्या मध्येच बदलली, कुणाची नोकरी गेली, आजारपण आलं, तर फेरविचाराचा अर्ज कसा करायचा? चौथा प्रश्न फार थोडे विचारतात. खूपशा संस्थांकडे अचानक आलेल्या अडचणीसाठी छोटा तातडीचा निधी असतो. त्याची जाहिरात होत नाही, विचारणाऱ्याला मात्र तो मिळतो. उत्तरं शक्यतो ईमेलवर घ्या. तोंडी मिळाली असतील तर त्याच दिवशी “आपण सांगितल्याप्रमाणे…” असा दोन ओळींचा ईमेल करून ठेवा. खिडकीमागचा माणूस बदलला की तोंडी आश्वासनाची आठवण कुणालाच राहत नाही.

पायरी चौथी: पहिले पंधरा दिवस

प्रत्येक विषयाचा सिलॅबस मिळतो. त्यात फक्त धड्यांची नावं नसतात. बारकाईने पाहिलं तर तो त्या विषयाचा करारनामाच असतो. गुणांची विभागणी, उशिराने दिलेल्या कामाला किती गुण कापले जातील, किती गैरहजेरी चालते, प्राध्यापकांना कुठे आणि कधी गाठायचं, सगळं त्यात असतं. सगळ्या सिलॅबसांतल्या तारखा एकाच कागदावर उतरवा आणि तो भिंतीवर लावा. तीन विषयांच्या मोठ्या परीक्षा एकाच आठवड्यात येतात हे आठव्या आठवड्यात कळण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात कळलेलं बरं. त्याच कागदावर आणखी दोन तारखा लाल शाईने लिहा: विषय विनादंड बदलण्याची शेवटची तारीख आणि विषयातून माघार घेण्याची शेवटची तारीख. या दोन तारखा पुढे कधीतरी तुम्हाला वाचवतील.

याच पंधरवड्यात चार दारं वाजवून या: शैक्षणिक सल्लागार, आर्थिक मदत कार्यालय, लेखन किंवा शिकवणी केंद्र, आणि आरोग्य व समुपदेशन केंद्र. काम असायलाच हवं असं नाही. “मी नवीन आहे, इथे कोणत्या कामासाठी यायचं असतं?” एवढं विचारलं तरी पुरे. अडचण आल्यावर अनोळखी दारात उभं राहणं फार जड जातं. एकदा पाहिलेलं दार तितकं जड वाटत नाही.

पाचवं दार ग्रंथालयाचं, आणि माझ्या मते ते सगळ्यांत कमी वापरलं जाणारं. ग्रंथपालांचं काम पुस्तक देण्या-घेण्यापुरतं नसतं. “या विषयावर निबंध लिहायचा आहे, सुरुवात कुठून करू?” हा प्रश्न त्यांच्यासाठीच असतो. क्रमिक पुस्तकांच्या काही प्रती ग्रंथालयात बसून वाचण्यासाठी राखून ठेवलेल्या असतात, हेही तिथेच कळतं. सगळी पुस्तकं विकत घेण्याआधी ही चौकशी नक्की करा.

पायरी पाचवी: प्राध्यापकांना भेटणं

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यांत जास्त संकोच इथेच असतो.

समाजशास्त्रज्ञ अँथनी जॅक यांनी अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठात कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. महागड्या खासगी शाळांतून शिष्यवृत्तीवर शिकून आलेली मुलं प्राध्यापकांशी सहज बोलत होती. साध्या शाळांतून थेट आलेली मुलं मात्र लांब राहत होती. पैशांची ओढाताण दोघांकडेही होती, फरक फक्त सवयीचा होता. दुसऱ्या गटातल्या कित्येकांना वाटायचं, काम चोख करावं, उगाच मोठ्यांच्या पुढे पुढे करू नये. आपल्या घरांतही हेच शिकवलेलं असतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण कॉलेजात प्राध्यापकांना भेटणं म्हणजे पुढे पुढे करणं नव्हे. तो अभ्यासाचाच एक भाग आहे. शिफारसपत्र, संशोधनातली मदतनिशी, उन्हाळी प्रशिक्षण, या गोष्टी पुष्कळदा अशा भेटींतूनच सुरू होतात. लांबून मान देणाऱ्या विद्यार्थ्याचं नावही प्राध्यापकांना ठाऊक नसतं.

पहिली भेट तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आत घ्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी दाराबाहेर रांग असते. जाताना कागदावर दोन प्रश्न लिहून न्या. “मला काहीच कळलं नाही” या वाक्याला उत्तर देणं कुणालाही अवघड असतं. “इथपर्यंत कळलं, इथून पुढे अडलं” असं सांगा. अडलेलं काही नसेल तरी जाता येतं. “या विषयात चांगलं करणारे विद्यार्थी अभ्यास कसा करतात?” किंवा “मागच्या निबंधात कोणती एक गोष्ट सुधारली असती तर तो जास्त चांगला झाला असता?” हे प्रश्न कुठल्याही विषयात चालतात. दहा मिनिटं पुरतात. निघताना “सांगितलंत तसं करून पाहते आणि पुढच्या आठवड्यात दाखवते” म्हणा, आणि खरंच दाखवा. ओळख बसते ती दुसऱ्या भेटीत.

ईमेल लिहायची वेळ आली की काय लिहू आणि किती लिहू, असं होतं. एक नमुना देते:

“नमस्कार मॅडम, मी आपल्या सोमवारच्या संख्याशास्त्राच्या वर्गात आहे. दुसऱ्या गृहपाठातलं चौथं उदाहरण मी दोन प्रकारे सोडवून पाहिलं, पण दुसऱ्या पायरीनंतर उत्तर जुळत नाही. माझी कच्ची आकडेमोड सोबत जोडली आहे. गुरुवारी आपल्या भेटीच्या वेळेत दहा मिनिटं येऊ का? कळावे.” खाली पूर्ण नाव, वर्ग आणि क्रमांक.

माफीचे चार परिच्छेद नकोत, घरची सगळी कहाणी नको. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली नम्रपणे एक ओळ पाठवा. उत्तर न येणं हा बहुतेक वेळा त्यांच्या भरलेल्या मेलबॉक्सचा दोष असतो. आपण मात्र तो राग समजून बसतो. आणि हो, एखादे प्राध्यापक खरोखरच तुसडे निघतात. तसं झालं तर त्यांच्या साहाय्यक शिक्षकाकडे किंवा त्याच विषयाच्या दुसऱ्या प्राध्यापकाकडे जा. एका बंद दारावरून सगळ्या मजल्याची परीक्षा करू नका.

पायरी सहावी: एकट्याने झुरू नका

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइसमन या तरुण गणितज्ञाला एक कोडं पडलं होतं. कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत होते आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात होते. का, असं सहकाऱ्यांना विचारल्यावर नेहमीचीच उत्तरं मिळाली: जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही. ट्राइसमन यांनी दोन्ही गटांतल्या विद्यार्थ्यांसोबत महिनोन्‌महिने राहून पाहिलं, तेव्हा ही उत्तरं टिकली नाहीत. मागे पडणारे विद्यार्थी मन लावून अभ्यास करत होते, पण एकटे, खोलीचं दार लावून. दुसरा गट आधी एकेकट्याने उदाहरणं सोडवायचा आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरं तपासायचा. एखादं उदाहरण कुणालाच सुटलं नाही तर ते मुळातच अवघड आहे एवढं तरी त्यांना कळायचं. एकट्याने बसलेल्याला मात्र वाटायचं, आपणच ढ आहोत. ट्राइसमन यांनी पुढे गटाने अभ्यास करण्याचे वर्ग सुरू केले आणि त्यांत सोपी नव्हे, तर अवघड उदाहरणं ठेवली. निकाल बदलले.

तर तीन-चार जणांचा गट जमवा. वर्ग सुटल्यावर “बुधवारी एक तास बसून उदाहरणं ताडून पाहू या का?” एवढं विचारलं की पुरतं. दोन पथ्यं पाळा. प्रत्येकाने आधी आपापलं करून यायचं, नाहीतर एकजण शिकवतो आणि बाकीचे उतरवून घेतात. आणि पुस्तक मिटून एकमेकांना समजावून सांगायचं. यामागेही आधार आहे: २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्याला तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. रात्रभर तोच धडा पुन्हा पुन्हा वाचून सकाळी सगळं आलं असं वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांचं समाधान असतं.

पायरी सातवी: घर

या विषयावर मदतीच्या पुस्तिकांत एखादी ओळ असते. खरं तर इथेच सगळ्यांत जास्त गुंता असतो.

घरच्यांना तुमचा अभिमान असतो आणि तुमचा दिवस कसा जातो याची त्यांना कल्पना नसते. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. आठवड्याला पंधरा तासच वर्ग आहेत म्हटल्यावर बाकीचा वेळ मोकळा आहे असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. मग ऐन परीक्षेच्या आठवड्यात घरच्या कामाला बोलावणं येतं, नाही म्हटलं की “शिकलीस म्हणून मोठी झालीस” ऐकावं लागतं, आणि हो म्हटलं की पेपर जातो. त्यात आपल्याला मिळालेली संधी आई-वडिलांना, भावंडांना मिळाली नाही ही टोचणी असतेच. आपण ग्रंथालयात पंख्याखाली बसलो आहोत आणि घरी कुणीतरी राबतं आहे, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

मानसशास्त्रज्ञ निकोल स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिकी विद्यापीठांबद्दल एक गोष्ट दाखवून दिली. विद्यापीठांची सगळी भाषा ‘स्वतःची वाट शोधा, स्वतंत्र व्हा’ अशी असते. पहिल्या पिढीची मुलं मात्र घरच्यांना हातभार लावायचा, आपल्या माणसांसाठी काही करायचं, अशी कारणं घेऊन आलेली असतात. या विसंगतीचा त्यांच्या गुणांवरही परिणाम होतो. हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. घरासाठी शिकणं हे कमी प्रतीचं कारण नाही. प्राध्यापकांनी “तुमची प्रेरणा काय?” विचारलं तर तेच सांगा.

व्यवहारात काय करता येईल? भिंतीवरच्या त्या तारखांच्या कागदाची एक प्रत घरी द्या आणि परीक्षांच्या आठवड्यांभोवती गोल करा. “या तीन आठवड्यांत मला बोलावू नका, त्यानंतरच्या सुट्टीत मी येते आणि ते काम करते” असं आधीच सांगितलेलं ‘नाही’ घरी रुचतं. ऐनवेळचं ‘नाही’ मनाला लागतं. शक्य असेल तर घरच्यांना एकदा आवार दाखवा: कुठे बसते, काय वाचते. आणि सगळं गोडच सांगू नका. “सगळं छान चाललंय” एवढंच ऐकत राहिलेल्या घराला एक दिवस अचानक नापासाची बातमी कळते. ‘हा विषय जड जातोय, शिकवणी केंद्रात जाते आहे’ हे कळलेलं घर पाठीशी उभं राहतं, भले त्यांना तो विषय काय आहे हे न कळो.

घरावर खरंच संकट आलं, तर न सांगता गायब होऊ नका. हे मी पुन्हा लिहिते: न सांगता गायब होऊ नका. दोन आठवडे गैरहजर राहून परत तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून मुलं कॉलेज सोडतात. सल्लागाराला एक ईमेल केला तर तात्पुरती रजा, मुदतवाढ, ‘अपूर्ण’ शेरा घेऊन नंतर काम पूर्ण करणं, यांपैकी काहीतरी निघतं. त्या काळात शिष्यवृत्तीचं आणि कर्जफेडीचं काय होईल, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

पायरी आठवी: ‘आपण इथले नाही’

हे वाटणार. मानसशास्त्रज्ञ पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स यांनी १९७८ साली या भावनेवर पहिल्यांदा लिहिलं, ते अतिशय यशस्वी स्त्रियांचं निरीक्षण करून: पदव्या, मान, सगळं असूनही ‘आपण सगळ्यांना फसवतो आहोत, एक दिवस पकडले जाऊ’ असं त्यांना वाटत होतं. म्हणजे ती भावना येणं हा लायकी नसल्याचा पुरावा नाही.

यावर मनाला समजावण्यापेक्षा एका वर्षाने पुढे असलेल्या माणसाला भेटणं जास्त उपयोगी पडतं. वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नव्या विद्यार्थ्यांना साधारण तासाभरात एवढंच दाखवलं होतं की सुरुवातीला परकं सगळ्यांनाच वाटतं आणि ते हळूहळू सरतं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांवर त्याचा चांगला परिणाम पुढची तीन वर्षं दिसत राहिला. २०१४ मध्ये स्टीफन्स यांच्या गटाने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी नुसते सल्ले न देता, आपण कुठल्या घरातून आलो, त्यामुळे काय अडलं आणि काय केलं, हे नवख्यांना सांगितलं. ते ऐकलेली पहिल्या पिढीची मुलं मदत केंद्रांकडे जास्त गेली आणि वर्षअखेर त्यांचे गुण वाढले. म्हणून तुमच्यासारख्याच घरातून आलेला वरच्या वर्गातला एक तरी विद्यार्थी शोधा. विद्यार्थी विभागाला विचारा, गटाला विचारा. त्याला “टिप्स दे” म्हणू नका, “पहिल्या वर्षी तुझं काय चुकलं?” विचारा. उत्तरं जास्त कामाची मिळतात.

झोप उडाली, खाणं सुटलं, सकाळी उठवेना असं दोन आठवडे चाललं, तर मात्र समुपदेशन केंद्र. तिथे गेल्याने गुणपत्रकावर काही येत नाही.

पायरी नववी: पेपर वाईट गेला तर

उत्तरपत्रिका हातात आली की ती बॅगेत खाली दडपू नका. दुसऱ्या दिवशी ती घेऊन प्राध्यापकांकडे जा आणि गुण कुठे गेले ते समजून घ्या. मग सिलॅबस काढा आणि उरलेल्या गुणांत पास व्हायला किती लागतात त्याचं गणित मांडा. गणित जमत असेल तर शिकवणी केंद्रात आठवड्याची वेळ पक्की करा. जमतच नसेल तर ती लाल शाईतली माघारीची तारीख पाहा, आणि माघार घेण्याआधी सल्लागार व आर्थिक मदत कार्यालय दोघांशी बोला, कारण क्रेडिट कमी झाले की शिष्यवृत्ती जाऊ शकते. शिष्यवृत्ती गेल्याचं पत्र आलंच, तर त्यात बहुतेक वेळा अपील कसं करायचं तेही लिहिलेलं असतं. तळाच्या बारीक अक्षरात पाहा.

पायरी दहावी: ओळखी आणि शिफारसपत्रं

‘आमच्या घरी कुणाची ओळख नाही’ हे खरं असलं तरी ओळखीची सुरुवात जवळच्या माणसांपासूनच होते असं नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना ती माहिती देणारा माणूस किती वेळा भेटायचा, असं विचारलं. वरचेवर भेटणारा माणूस फक्त १६.७ टक्क्यांच्या बाबतीत होता. ५५.६ टक्क्यांना ती खबर अधूनमधून भेटणाऱ्याने दिली होती आणि २७.८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याने. कारण सरळ आहे: जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. प्रयोगशाळेतले साहाय्यक, मागच्या सत्रातले प्राध्यापक, एका कार्यक्रमात भेटलेले माजी विद्यार्थी, यांना सत्रातून एकदा दोन ओळी लिहा: काय चाललं आहे, पुढे काय करायचा विचार आहे. काही मागायचं नसताना लिहिलेलं पत्र मागायच्या वेळी उपयोगी पडतं.

शिफारसपत्र मागायला किमान तीन आठवडे हातात ठेवा. “पत्र द्याल का?” यापेक्षा “या कामासाठी माझ्याबद्दल चांगलं, सविस्तर पत्र लिहिणं आपल्याला शक्य होईल का?” असं विचारा. समोरच्याला नाही म्हणायची वाट राहते आणि तुम्ही कोरड्या चार ओळींच्या पत्रापासून वाचता. हो म्हणाले की एकाच ईमेलमध्ये सगळं द्या: कशासाठी अर्ज आहे, शेवटची तारीख, पत्र कुठे पाठवायचं, तुमचा बायोडेटा, आणि त्यांच्या वर्गात तुम्ही केलेल्या एखाद्या कामाची आठवण. निकाल काहीही लागो, तो त्यांना कळवा. बरेच जण हे विसरतात.

शेवटच्या वर्षी

बऱ्याच विद्यापीठांत सगळे विषय पास झाले म्हणून पदवी आपोआप मिळत नाही, तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची मुदत शेवटच्या परीक्षेच्या कितीतरी आधी असते. त्याआधीच्या सत्रात सल्लागारासोबत बसून क्रेडिट मोजून घ्या. एखादा राहिलेला विषय तेव्हा कळला तर भरून काढता येतो. अर्जात नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावरच्या स्पेलिंगशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहा. ग्रंथालयाची थकबाकी राहिली तरी काही ठिकाणी प्रमाणपत्र अडकवून ठेवतात, तीही आधीच मिटवा. समारंभाच्या अर्जात पाहुणे किती, असा रकाना असतो आणि जागा दोन-तीनच देतात. घरून जास्त माणसं यायची असतील, आणि ती येणारच, तर रजिस्ट्रारच्या खिडकीशी जाऊन जादा पास कधी आणि कसे मिळतात ते विचारून या.